उजवा हात, डावा पाय

३ नोव्हेंबर, सोमवार

आज आमच्या कोच प्रेमिला मॅडमनी मला खुर्चीवर बसवून माझाच व्हिडिओ दाखवला. ऑगस्टमधल्या लढतीचा. मी तो आजवर पाहायचं टाळलं होतं, पण मी सोडून सगळ्या कळमना मार्केटनं तो पाहिलेला आहे. किकबॉक्सिंगमधली माझी पहिलीच लढत. समोर कामठीची रितिका. घंटा वाजते, मी पुढे जाते, लाथ मारायला पाय उचलते आणि स्वतःच्याच दुसऱ्या पायात अडकून धाडकन आडवी होते. रितिकानं मला बोटसुद्धा लावलेलं नाही. ती बिचारी पंचांकडे हात पसरून उभी आहे, सर, मी काहीच केलं नाही.

तेव्हापासून आमच्या अडतीवर संत्र्याच्या लिलावाला येणारा प्रत्येक व्यापारी मला "ताई, पायाखाली पाहा बरं" असं सांगतो. बाबांना ते फार लागतं. सगळा बाजार त्यांना भैय्याजी म्हणून मान देतो आणि त्यांची मुलगी अशी पडते. त्यांचं म्हणणं, एकतीस वर्षांच्या पोरीनं बापाची अडत सांभाळावी, बोली बोलावी, लाता मारायले काहून जावं? आणि मारायच्याच असतील तर निदान दुसऱ्याले माराव्या.

मॅडमनी व्हिडिओ थांबवला.

"हिमानी, लात कोणत्या पायानं मारून राहिली तू?"

"डाव्या."

"मी शिकवली कोणत्या पायाची?"

"उजव्या."

"लिहिते कोणत्या हातानं?"

"उजव्या."

"लहानपणी गल्लीत फुटबॉल खेळली असशील. तो कोणत्या पायानं?"

"डाव्या."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "दीड वर्ष तुहे हात पाहून तुले उभी केली वं मी. पाय पाहिलेच नाई."

आमच्या क्लबात उभं राहायचे दोन पवित्रे आहेत. सीधा म्हणजे डावा पाय पुढे, उजवा हात आणि उजवा पाय मागे. जोर मागच्या हातापायातून येतो, म्हणून उजव्या लोकांना हा बरोबर बसतो. उलटा म्हणजे त्याचा आरसा, डावखुऱ्या लोकांसाठी. आणि मी? सीधी उभी राहिले तर ठोसा कडक, लाथ फुसकी. उलटी उभी राहिले तर लाथ तोफेसारखी आणि ठोसा फुसका. देवानं वरचा भाग एका पोरीचा घेतला, खालचा दुसरीचा, आणि मध्ये शिवून टाकलं.

२१ डिसेंबरला पुन्हा क्लबांच्या लढती आहेत. माझ्या वजनगटात पुन्हा रितिकाच. "कसं उभं राहायचं ते तू ठरव," मॅडम म्हणाल्या. "मी सांगितलं अन् तू हरली तं जन्मभर माह्या नावानं बोटं मोडशील." महिनाअखेरपर्यंत मुदत दिली, आणि रोज डोक्यात जे येतं ते लिहून काढ म्हणाल्या. म्हणून हे लिहिणं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज पॅडवर दोन्ही पवित्रे करून पाहिले. हे मार झेलायचे पॅड नेहमीप्रमाणे दुर्गेशनं धरले. इतवारीत त्याचं चष्म्याचं दुकान आहे. तो लढत नाही, व्यायामासाठी येतो म्हणतो, पण त्याला व्यायाम करताना मी पाहिलेलं नाही. माझे पॅड धरण्यातच त्याचा वेळ जातो. आधी तो सकाळच्या बॅचला यायचा. मी संध्याकाळची बॅच घेतली, तेव्हापासून त्यालाही संध्याकाळ सोयीची पडते म्हणे. दुकानाच्या ऐन गिऱ्हाइकीची वेळ असते ती. जाऊ दे, त्याचा धंदा त्याला माहीत.

डाव्या लाथा खाऊन त्याचे दंड निळे झाले आहेत. लागलं का विचारलं तर "कुठं? नाई तं" म्हणतो. सहनशक्ती चांगली आहे पोराची.

८ नोव्हेंबर, शनिवार

इंटरनेटवर एक परीक्षा सापडली. आपल्याला कोणीतरी मागून अचानक ढकलायचं. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे येतो, तोच पवित्र्यात पुढे ठेवायचा. मी काल बाबांना म्हटलं, मला कधीतरी ढकला, पण कधी ते सांगू नका.

बाबा हिशोबाच्या वहीत डोकं घालून बसले होते. मला वाटलं, विसरले.

आज सकाळी लिलाव सुरू होता. नरखेडच्या ओमप्रकाश काकांचा आंबिया बहाराचा माल, ढीग माझ्या पुढ्यात, भोवती व्यापारी. मी बोली पुकारत होते आणि बाबांनी मागून असं काही ढकललं की कोणताच पाय पुढे आला नाही. दोन्ही हात पसरून, तोंड पुढे करून मी सरळ संत्र्यांच्या ढिगात.

सगळा शेड माना उंचावून पाहायला लागला. मग ओमप्रकाश काका म्हणाले, "एवढा आवडला का माल, ताई?"

आणि बोली चढली! मागच्या लोकांना वाटलं, अडतवालीनं उडी मारली म्हणजे मालात काहीतरी दम असणार. काका खूष होऊन गेले. जाताना बाबांना म्हणाले, "भैय्याजी, पुढच्या गाडीलेही ढकलजा."

मी केसांतली पानं काढत बाबांना विचारलं, "कोणता पाय पुढे आला?"

"मी तं तुह्या तोंडाकडे पाहून राहिलो होतो," बाबा म्हणाले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुर्गेश म्हणाला, हातापायासारखा डोळाही एक जोरकस असतो, तो कळला तर पवित्रा ठरवायला मदत होते. दुकानात ये, तपासून देतो. गेले.

त्याने मला स्टुलावर बसवलं, समोर स्वतः बसला. दोन्ही तळहात पुढे करून मध्ये छोटं भोक करायचं आणि त्यातून त्याच्या नाकाकडे पाहायचं. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं नाक भोकातच राहतं, तो जोरकस. मोबाईलवर मी पाहिलं तेव्हा हे दोन मिनिटांचं काम वाटलं होतं. दुर्गेशला फार वेळ लागला. पुन्हा कर म्हणे. जरा आणखी पाहा म्हणे. तीन गिऱ्हाइकं येऊन उभी राहून निघून गेली. काम मात्र मन लावून करतो.

शेवटी म्हणाला, "उजवा."

"म्हणजे सीधा का उलटा?"

"हं?"

"पवित्रा, दुर्गेश."

"अच्छा, पवित्रा. त्याचा डोळ्याशी एवढा काही संबंध नसतो," म्हणाला. अरे मग मला कशाला बोलावलंस?

१६ नोव्हेंबर, रविवार

बाबांची कंबर धरली. कशानं विचारलं तर संत्र्याची पेटी उचलली म्हणाले. आमच्याकडे पेट्या हमाल उचलतात. बाबांनी शेवटची पेटी उचलली तेव्हा मी शाळेत होते. शिवाय गच्चीवर जुनी गादी गुंडाळून नारळाच्या दोरीनं लटकवलेली दिसली. आईला विचारलं, तर म्हणाली, "ऊन देऊन राहिले गादीले." उभी?

दुर्गेशही आला होता सकाळी लिलावाला. आठवड्याला एक पेटी संत्री नेतो. घरी तो आणि त्याची आई, दोघंच. एवढी संत्री खातात तरी कशी? आईनं त्याला घरी बोलावून पोहे खाऊ घातले, वर तर्री. आणि मला म्हणते, "चष्म्यावाला चांगला आहे वं." मी म्हटलं, हो, पॅड घट्ट धरतो. आईनं पोह्याची कढई जरा जोरातच आपटली.

२३ नोव्हेंबर, रविवार

काही ठरत नाही. सीधी लढले तर वरून मी शहाणी आणि खालून येडी. उलटी लढले तर खालून शहाणी. आज मॅडमनी दोन्ही करून घेतलं आणि मध्येच मी विसरले की आत्ता कोणता पवित्रा चालू आहे. दोन्ही पाय एका रेषेत, हात कुठेच नाहीत, समोरच्या पोरीनं हलकंसं ढकललं आणि मी बसले. पुन्हा खाली.

आता मी सगळ्यांना विचारते आहे. आई म्हणाली, "दोन्ही पाय घेऊन जा ना." ओमप्रकाश काका म्हणाले, बैल जोडताना आम्ही पाहतो कोणता कोणत्या बाजूला शांत राहतो. थोड्या वेळानं बाबांच्या वर्तमानपत्रामागून आवाज आला, "समोरची सीधी असन अन् तू उलटी, तं तिले आपली सवय नसते." मी म्हटलं, हे तुम्हाला कुठे कळलं? म्हणाले, पेपरात. मी नंतर पेपर चाळला. कपाशीचे भाव होते.

खरं सांगायचं तर मला भीती पवित्र्याची नाही. मी स्वतः ठरवलं आणि तेच चुकलं, तर कोणाला बोलू? सीधा मॅडमनी दिला होता, म्हणून ऑगस्टमध्ये पडले तरी मनात कुठेतरी बरं वाटलं होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं!

सकाळी दुर्गेश पेटी घ्यायला आला होता. लिलाव संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे पाय." (तो 'पाहा'ला 'पाय' म्हणतो. मला आधी वाटलं माझे पाय म्हणतो. तेच निघाले.) मोबाईलवर माझा व्हिडिओ. मी ढिगासमोर उभी, बोली पुकारते आहे, एका व्यापाऱ्यावरून दुसऱ्यावर हात जातो आहे. उजवा पाय पुढे. उजवा हात पुढे. टाचा हलक्या. कोणी मध्ये घुसला की मी डाव्या पायावर भार टाकून जराशी मागे आणि लगेच पुन्हा पुढे.

"तू तं रोज उलटीच उभी राहते, हिमानी. अन् तेव्हा तू कधी पडत नाई."

"बाबांनी ढकललं तेव्हा पडले."

"ते सोड. कामाचा हात पुढे ठेव. सगळ्यात जास्त मारायचा तोच असतो. मागून लात डावी. डाव्या हाताचं मंग पाहू."

मी व्हिडिओ पुन्हा लावला. पुढच्या हाताचा झटपट ठोसा, जॅब, सगळ्यात जास्त वापरावा लागतो हे मला माहीत होतं, पण माझा उजवा हात मी मागे, मोठ्या ठोशासाठी जपून ठेवला होता. मॅडमना दाखवलं. त्या फक्त म्हणाल्या, "हं. मंग, ठरलं का तुहं?" मी म्हटलं, ठरलं. उलटा.

दुर्गेशच्या मोबाईलमध्ये माझ्या लिलावाचे असे बरेच व्हिडिओ होते. पार होळीच्या आधीपासूनचे, मृग बहाराच्या वेळचे. कशाला काढले विचारलं तर म्हणाला, अभ्यासासाठी. तेव्हा तर हा पवित्र्याचा प्रश्न नव्हताच. दूरदृष्टीचा माणूस. चष्म्याच्या धंद्यात असल्यामुळे असेल.

४ डिसेंबर, गुरुवार

डावा हात म्हणजे माझ्या घरी आलेला पाहुणा आहे. कशाला हात लावत नाही. त्याचा ठोसा आईनं पोळीवर तूप फिरवावं तसा जातो. मॅडम म्हणाल्या, रोजच्या कामाला लाव त्याले. म्हणून दात डाव्या हातानं घासले (पेस्ट कानापर्यंत), केस डाव्या हातानं विंचरले, वरण डाव्या हातानं वाढलं. बाबा आपल्या पायजम्याकडे पाहून म्हणाले, "कुस्ती तुही अन् मार मले."

हे पुढचं वाक्य डाव्या हातानं लिहिते आहे. बाबा मा

बंद. जमत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनामुळे निम्मे रस्ते बंद, मोर्चे, पोलीस. क्लबात आम्ही चौघंच. मॅडमनी दुर्गेशला सांगितलं, तू रितिका हो.

आणि तो झाला! तिची ती छोटी उडी, ठोसा मारण्याआधी खांदा उडवणं, लाथ मारून उजवीकडे सरकणं, सगळं हुबेहूब. "समोर सीधी असली की तुमचे पुढचे पाय समोरासमोर येतात," तो समजावत होता. "तुहा उजवा पाय तिच्या डाव्या पायाच्या बाहेर पायजे. आत राहिला की तिचा उजवा हात सरळ तुह्या नाकावर."

मी विचारलं, तुला एवढं सगळं कसं पाठ? तर म्हणाला, "तिचे सगळे व्हिडिओ पाहिले ना. दुकानात बसून तेच पाहत राहतो."

सगळे व्हिडिओ. दुकानात बसून.

रितिका दिसायला चांगली आहे. एकवीस-बावीसची असेल. केस लांब. माझं काय जातं? माणसाला कोणी आवडू शकतं. फक्त पॅड माझे धरायचे आणि व्हिडिओ तिचे पाहायचे, याला काहीतरी म्हणतात, मला आत्ता शब्द आठवत नाही.

आज लाथ का कोणास ठाऊक फार भारी बसत होती. मॅडम म्हणाल्या, "वा! काय खाल्लं वं आज?" काही खाल्लं नव्हतं. रात्रीही जेवावंसं वाटलं नाही. पित्त झालं असेल.

१४ डिसेंबर, रविवार

फार वाईट झालं.

पॅडवर शेवटच्या लाथा चालू होत्या. मला मनातलं बोलून टाकायचं होतं, म्हणून मोठ्या मनानं मारता मारता विचारलं, "दुर्गेश, रितिकाचा नंबर हवा का तुला? लढत झाली की मागून देते."

"काय?" म्हणाला आणि त्यानं पॅड खाली केले.

माझी लाथ निघालेली होती.

त्याचं उजवं मनगट मोडलं. बारीक चीर आहे म्हणाले डॉक्टर, प्लास्टर घातलं. दवाखान्यात त्याच्या आईला मी काय सांगू तेच कळेना. सांगितलं, माझी लाथ लागली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हिमानी तूच का?" जणू त्या माझी वाटच पाहत होत्या. रागावल्या नाहीत, उलट माझ्यासाठी चहा मागवला. मला आणखीच रडू आलं.

पॅड घट्ट धरणारा माणूस असा कसा चुकला?

१६ डिसेंबर, मंगळवार

मॅडमना फोन करून सांगितलं, मी लढत नाही. लढलेच तर सीधी लढेन, उजव्या फुसक्या लाथेनं. कोणाला काही व्हायला नको. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हे मले नको सांगू. ज्याचा हात मोडला त्याले सांग."

दुकानात गेले. दुर्गेश डाव्या हातानं चष्म्याचा स्क्रू बसवायचा प्रयत्न करत होता. स्क्रू तांदळाच्या कणीएवढा. तो काउंटरखाली पडला, मग चष्मा पडला, मग गिऱ्हाईक म्हणाली मी उद्या येते. मी त्याच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला. संध्याकाळपर्यंत तो सांगत गेला, मी चष्मे जोडत गेले. माझी उजवी बोटं बरी चालतात अशा कामात.

शेवटी मी म्हटलं, "मी पवित्रा बदलते आहे. लढत नाही त्या लाथेनं."

"काहून?"

"तुझा हात मोडला, दुर्गेश!"

त्यानं प्लास्टर वर धरलं. "महिनाभर सगळ्यांले विचारत फिरली, कोणती लात बरी, कोणता पाय बरा. आता हे पाहूनही तुले शंका हाय?"

मला हसू आलं. रडूही आलं. दोन्ही एकदम.

"अन् पॅड मी खाली केले," तो म्हणाला. "तुही लात बरोबर जागी आली होती. मी जाग्यावर नव्हतो."

"का खाली केलेस?"

त्यानं बराच वेळ चष्म्याची काच पुसली. प्लास्टरच्या हातानं काच पुसता येत नाही, तरी पुसली. "ते मंग सांगतो. आधी लढ."

२१ डिसेंबर, रविवार

आत्ता संध्याकाळ आहे. डावा गाल सुजला आहे, त्यामुळे लिहिताना एकाच डोळ्यानं दिसतं. उजव्याच, सुदैवानं.

हॉलमध्ये बाबा, आई, ओमप्रकाश काका आणि कळमन्याची निम्मी अडत. व्हिडिओ काढायला सगळ्यांचे मोबाईल तयार. पडले तर नवा व्हिडिओ हवा होता ना. दुर्गेश मॅडमच्या मागे, प्लास्टर गळ्यात. मी निळ्या कोपऱ्यात, रितिका लाल.

घंटा वाजली. मी उजवा पाय पुढे घेऊन उभी राहिले आणि रितिका एक क्षण थबकली. ती सीधीची तयारी करून आली होती. माझा जॅब बसला. पुन्हा बसला. दीड वर्ष मागे जपून ठेवलेला हात पुढे आल्यावर असा सुटला, जशी पिंजऱ्यातून कोंबडी सुटावी. मला एवढा आनंद झाला की मी पाय कुठे ठेवायचा तेच विसरले. तिचा उजवा हात सरळ गालावर. डोळ्यांपुढे पांढरं.

आणि मी तेच केलं. घाबरून पाय बदलले. सीधी झाले, मग वाटलं नको, परत उलटी व्हायला गेले, दोन्ही पाय एका रेषेत, आणि त्या क्षणी तिची लाथ आली. बसले. पंच मोजायला लागले. सगळ्या हॉलमध्ये मोबाईल वर.

खाली बसल्या बसल्या मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. दुर्गेशकडे पाहिलं. तो ओठ घट्ट मिटून उभा होता, जणू तोंडातून शब्द निघाला तर त्याचा दुसरा हात मोडेल. कोणी काही सांगत नव्हतं. मग वाटलं, ठीक आहे. मीच निवडलाय हा पवित्रा. पडले तरी ह्यातच पडेन, मध्ये कुठेतरी नाही पडणार. उठले. उजवा पाय पुढे.

दुसऱ्या फेरीत मी फक्त उभी राहिले. म्हणजे मारलं, मार खाल्ला, पण पाय बदलले नाहीत. ते फार मोठं काम होतं. तिची छोटी उडी आली की मला दुर्गेश दिसायचा, उडी मारणारा, आणि हसू यायचं. तोंडात गार्ड असल्यामुळे कोणाला कळलं नाही.

तिसऱ्या फेरीत ती दमली. मीही दमले होते, पण मी पहाटेपासून दुपारपर्यंत ओरडत उभी राहणारी बाई आहे. तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "बाहेर, हिमे! उजवा पाय तिच्या पायाच्या बाहेर! मंग डावी लात, बरगडीत!"

बाबा. खुर्चीवर चढलेले. आई त्यांचा सदरा धरून खाली ओढते आहे आणि ते तिथेच, खुर्चीवर, हवेत डावी लाथ मारून दाखवताहेत. कंबर सांभाळून.

मी पाय बाहेर टाकला. जॅब. जॅब. तिनं हात वर घेतले, आणि खाली बरगडी मोकळी. लाथ गेली. तो आवाज मला पॅडवरून ओळखीचा होता. रितिका दोन पावलं मागे गेली आणि गुडघ्यावर बसली. ती उठली, शूर पोरगी आहे, शेवटच्या घंटेपर्यंत लढली.

पंचांनी दोघींचे हात धरून मध्ये उभं केलं. माईकवर म्हणाले, पंचांचा कौल दोन विरुद्ध एक, विजयी, निळा. मी वळून रितिकाला मिठी मारली, म्हटलं छान लढलीस, अभिनंदन. ती मला म्हणाली, तुमचं अभिनंदन. मी म्हटलं, नाही नाही, तुझं. शेवटी बाबा ओरडले, "अवं, निळी तूच हाय!"

बाहेर चहा घेताना रितिका आली. डोक्याचं गार्ड काढलेलं, केस मोकळे. "ताई, तुम्ही खब्बू हाय का?" मी म्हटलं, डावखुरी? नाही, फक्त पायानं. तिला काही कळलं नाही, पण हसली, फोटो काढला आणि गेली.

दुर्गेशनं मला विचारलं, "कोण होती ही?"

"कोण म्हणजे? रितिका!"

"हो का? मी तं तिचे पायच पाहिले आजवर."

मी कप ओठांना लावायचंच विसरले. चहा थंड झाला. पित्त, बारा दिवसांचं, एकदम कुठे गेलं कळलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

दुर्गेशला गाडी चालवता येत नाही, म्हणून आज त्याला प्लास्टर दाखवायला दवाखान्यात मी नेलं. येताना इतवारीकडे वळलो, संध्याकाळची गर्दी, बस, ई-रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. तो मागे बसलेला.

"पॅड काहून खाली केले ते सांगू का?" त्यानं विचारलं.

"सांग."

त्यानं सांगितलं. नेमका तेव्हाच बाजूनं ट्रक गेला. मला पहिला शब्द ऐकू आला, "मले," आणि शेवटचा, "तूच." मधलं सगळं ट्रकनं नेलं.

मी विचार करायला लागले. विचारावं का, काय म्हणालास? आईला सांगावं का आधी? मॅडमना? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

पुढे लाल सिग्नल लागला. मी गाडी थांबवली. तो मागून हळूच म्हणाला, "कशाले हो म्हटलं ते ऐकलं का तू?"

"नाही."

"मंग?"

"मंग काय? हो."

तो मागून पुढे वाकून माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. शेजारच्या स्कूटरवर एक काकू होत्या, पुढे भाजीची पिशवी, मागे नवरा. त्या पदर सावरत दुर्गेशला म्हणाल्या, "अरे, हो म्हणून राहिली ना पोट्टी. आता काय स्टॅम्पपेपरवर पायजे?"

सिग्नल हिरवा झाला होता. मागे सगळे हॉर्न वाजवत होते. दुर्गेशनं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, आणि मी गाडी पुढे काढली.